शिकणाऱ्या हाताचे मोजमाप

मुलाला एका धारेत, समोर, रडारड न करता शू करता यावी, एवढीच आईबापांची मागणी असते. ती पुरी करण्यासाठी उभ्या राहिलेल्या शास्त्राला बालमूत्ररोग शल्यचिकित्सा म्हणतात. त्यातला सर्वांत नाजूक भाग पुनर्रचनेचा: अर्धवट राहिलेला मूत्रमार्ग पुरा करणे, अडलेले मूत्रपिंड मोकळे करणे, पोटावर उघडे राहिलेले मूत्राशय मिटवून आत बसवणे. पण ही प्रस्तावना त्या शास्त्राची नव्हे. ते शिकवायचे कसे, आणि शिकलेल्याचा हात खरोखर तयार झाला आहे हे ओळखायचे कसे, या त्याच्या शेजारी वाढलेल्या तरुण विद्याशाखेची ती आहे. एम.सीएच. करणारे रेसिडेंट आणि त्यांचे शिक्षक ती वाचतीलच. थिएटरच्या सिस्टर आणि ज्यांचे मूल उद्या टेबलावर जाणार आहे ते आईबाप यांनीही वाचावी, अशा बेताने ती लिहिली आहे.

नावे मोठी असली तरी काम फार लहान जागेत चालते. हायपोस्पेडियासचेच घ्या. साधारण दर अडीचशे-तीनशे मुलग्यांमागे एकाला हा जन्मजात दोष असतो. लघवीचे छिद्र टोकाला न उघडता खालच्या अंगाला कुठेतरी उघडते; काहींत अगदी वृषणकोशापाशी. शस्त्रक्रिया बहुधा सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करतात. वॉरन स्नॉडग्रास यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत आज जगभर सर्वाधिक वापरात आहे. मूत्रमार्गाच्या जागी जी पट्टी उरलेली असते तिला मधोमध उभी चीर द्यायची, म्हणजे ती रुंद होते; मग सहा किंवा आठ फ्रेंच मापाच्या कॅथेटरभोवती तिची नळी शिवायची. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे सर्जन दोन ते पावणेतीन मिलिमीटर जाडीच्या नळीभोवती शिवणकाम करतो आहे, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा, हातात सात-शून्य मापाचा धागा, जो डोक्याच्या केसाहून जाड नसतो. सुई आतल्या नाजूक अस्तरातून आरपार न नेता त्याच्या लगेच खालच्या थरातून न्यायची, म्हणजे कडा आत वळतात. चुकून अस्तर टाक्यात आले की तिथे पुढे बारीक भोक पडू शकते आणि लघवी दोन ठिकाणांहून येते. त्याला फिश्चुला म्हणतात. टोकाशी एक टाका जास्तीचा पुढे घेतला तर छिद्र आखडते आणि मूल कुंथत राहते. वरून पाहणाऱ्याला हे दोन्ही टाके अगदी सारखे दिसतात. फिलाडेल्फियाच्या जॉन डकेट यांनी या एका दोषाच्या अभ्यासाला ‘हायपोस्पेडिऑलॉजी’ असे स्वतंत्र विद्येचे नाव दिले. पहिल्यांदा ऐकताना त्यात अतिशयोक्ती वाटते. एकदा असिस्ट केले की वाटेनाशी होते.

दुसरी शस्त्रक्रिया पायलोप्लास्टी. मूत्रपिंडातून मूत्रवाहिनी जिथे निघते तिथे ती अरुंद असते, वरचा भाग फुगत जातो. गरोदरपणीच्या सोनोग्राफीत हे आता बऱ्याचदा आधीच कळते. अँडरसन आणि हाइन्स यांनी १९४९ मध्ये लिहिलेली पद्धत आजही तीच आहे: अरुंद तुकडा कापून टाकायचा, मूत्रवाहिनीच्या तोंडाला उभी चीर देऊन ते रुंद करायचे आणि वरच्या फुगलेल्या भागाला जोडायचे. चिरेच्या तळाशी येणारा पहिला टाका सगळ्यांत महत्त्वाचा. तिथेच लघवीची वाट रुंद राहते किंवा बुजते. मूत्रवाहिनीला जोडताना नकळत पीळ बसला, तर बाहेरून देखणी दिसणारी जोडणी आतून निकामी ठरते. तिसरी, मूत्राशय उघडे राहण्याची व्याधी, तीस ते पन्नास हजार जन्मांमागे एखाद्या बाळाला होते. तिच्याकडे पुढे येऊ.

या तिन्हींत शिकवणाऱ्याची अडचण एकच आहे. निकाल उशिरा लागतो. पायलोप्लास्टी झाल्यावर काही महिन्यांनी आयसोटोप स्कॅन करून मूत्रपिंड मोकळे वाहते आहे की नाही हे कळते. हायपोस्पेडियासची धार मूल शी-शू सांगू लागल्यावर मोजता येते, आणि शिश्न सरळ आहे का, मुलाला स्वतःचे शरीर कसे वाटते, हे तो वयात आल्याखेरीज कळत नाही. एक वर्षाच्या बाळावर शस्त्रक्रिया करणारा रेसिडेंट त्याचा पुरता निकाल लागेपर्यंत स्वतः एखाद्या विभागाचा प्रमुख झालेला असतो. आणि तोवर ते कुटुंब कुठे गेले हे बहुतेकदा कुणालाच ठाऊक नसते.

म्हणून निकालावरून हात पारखायचा म्हटले तर आकडेही साथ देत नाहीत. समजा एका सर्जनच्या शंभर पायलोप्लास्टींत पाच फसतात. त्याच्या दहा केसेस सलग पाहिल्या तर त्यांत एकही फसलेली न दिसण्याची शक्यता साठ टक्के आहे. आता दुसरा घ्या, ज्याच्या शंभरात पंधरा फसतात, म्हणजे तिपटीने वाईट. त्याच्याही दहाच्या दहा केसेस निर्दोष निघण्याची शक्यता पाचात एक आहे. प्रशिक्षणाच्या काळात रेसिडेंटच्या वाट्याला स्वतःच्या हाताने कराव्या अशा पायलोप्लास्टी किती येतात, हे ज्याचे त्याने आठवावे. ‘माझी एकही केस बिघडली नाही’ हे वाक्य खरे असूनही त्याने काहीच सिद्ध होत नाही.

मग मोजायचे काय? आपल्याकडे आजवर आपण मोजत आलो ते लॉगबुक. किती असिस्ट केल्या, किती मार्गदर्शनाखाली केल्या, किती स्वतंत्रपणे केल्या. वही भरते, सही होते. अंतिम परीक्षेत केस मांडायची, व्हायव्हा द्यायचा, उपकरणे ओळखायची. उमेदवाराची बुद्धी, वाचन, हजरजबाबीपणा यांची चांगली झडती होते. त्याची सुई कशी फिरते हे मात्र परीक्षकाला क्वचितच दिसते. गाणे शिकणाऱ्याची परीक्षा रागाच्या लेखी व्याख्येवर घ्यावी आणि त्याला गायलाच लावू नये, तशातला हा प्रकार आहे.

हे मी चेन्नईच्या अण्णा नगरातून लिहितो आहे, आणि जागेचा या प्रश्नाशी संबंध आहे. अण्णा नगर टॉवर स्थानकावर मेट्रोत बसले की चौथे स्थानक किल्पॉक मेडिकल कॉलेजचे, सहावे एग्मोरचे. एग्मोरला हॉल्स रोडवर मुलांचे मोठे सरकारी रुग्णालय आहे, मद्रास मेडिकल कॉलेजशी जोडलेले. इकडे अण्णा नगरात सुंदरम मेडिकल फाउंडेशनसारखे ट्रस्टचे रुग्णालय, आणि गल्लोगल्ली खासगी नर्सिंग होम. मुंबईकर वाचकाने परळ आणि दादर-माटुंगा डोळ्यांपुढे आणावे, चित्र फारसे वेगळे नाही. देशभर एक अलिखित वाटणी चालत आली आहे. सरकारी वॉर्डातल्या मुलावर शिकणारा हात चालतो, वरिष्ठांच्या नजरेखाली. पैसे मोजणाऱ्याच्या मुलावर वरिष्ठ स्वतः चालतात. मार्गदर्शन चांगले असेल तर पहिल्या मुलाचे नुकसान होत नाही, हे खरे. पण मार्गदर्शन चांगले आहे की नाही हेही आपण मोजलेले नाही. हात मोजण्याचा आग्रह मी धरतो तो मुख्यतः याच कारणासाठी. शिकण्याची किंमत कुणीतरी मोजतेच. ती किती आहे आणि कोण देते आहे, हे तरी लिहिलेले असावे.

मराठी वाचकाला बालशल्यचिकित्सा परकी नाही. परळचे वाडिया रुग्णालय १९२९ पासून मुलांसाठी उभे आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात हा विषय शिकवणाऱ्या आणि तिथल्या अधिष्ठाता झालेल्या डॉ. स्नेहलता देशमुख पुढे मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. केईएमचे अधिष्ठाता राहिलेले डॉ. संजय ओक हेही बालशल्यचिकित्सकच. म्हणजे शिक्षणाच्या व्यवस्थेत या शाखेची माणसे वरच्या जागांवर बसली. तरीही हाताच्या कौशल्याचे पद्धतशीर मोजमाप आपल्या अभ्यासक्रमात मागच्या दारानेच येते आहे.

सरावाच्या बाबतीत आपण सुश्रुताचे नाव पटकन घेतो. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात त्याने शिष्याला आधी भोपळा-काकडीसारख्या फळांवर छेद घ्यायला, पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर भेद करायला आणि जाड वस्त्राच्या व मऊ कातड्याच्या कडांवर शिवायला सांगितले आहे. अभिमान वाटावा असेच हे आहे. पण अभिमान सांगून झाल्यावर भोपळा आणायला कुणी बाजारात जात नाही, ही आपली खोड.

नडियादच्या मुळजीभाई पटेल मूत्ररोग रुग्णालयातले लोक मात्र बाजारात गेले. तिथल्या सर्जननी २००८ मध्ये दुर्बिणीतून पायलोप्लास्टी शिकवण्यासाठी कोंबडीची प्रतिकृती प्रसिद्ध केली. कोंबडीच्या गळ्याखाली दाणे साठवायची पिशवी असते आणि तिला जोडलेली अन्ननलिका. पिशवी म्हणजे मूत्रपिंडाचा फुगलेला भाग, अन्ननलिका म्हणजे मूत्रवाहिनी. ही जोडी स्वच्छ करून सरावाच्या पेटीत मांडायची, पिशवी फुगवायची, आणि खऱ्या शस्त्रक्रियेचे सगळे टप्पे क्रमाने करायचे: कापणे, उभी चीर, तळाचा टाका, मागची बाजू, मग पुढची. झाल्यावर आत पाणी सोडायचे. कुठून गळते ते ताबडतोब दिसते. मग जोडणी उभी फाडून आतून पाहायची: टाक्यांतली अंतरे सारखी आहेत का, समोरची भिंत चुकून मागच्या टाक्यात आली आहे का, पीळ बसला आहे का. रुग्णाच्या बाबतीत ज्या उत्तराची महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते ते इथे चहा गार व्हायच्या आत मिळते. खर्च मटणवाल्याकडच्या एका फेरीचा. परदेशी सिम्युलेटरच्या किमतीचे कोटेशन मागवून वर्षभर फाइल फिरवणाऱ्या विभागांनी आधी हे करून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिकृतीवर सराव झाला, आता तो जोखायचा कसा? इथे या विद्याशाखेचा पाया घातला गेला टोरांटोत. रिचर्ड रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक पद्धत मांडली. तिचे आद्याक्षरी नाव ‘ओसॅट्स’. ठरावीक कामे, ठरावीक वेळ, आणि पाहणाऱ्या अनुभवी सर्जनच्या हातात दोन कागद. एकावर टप्प्यांची यादी: हे केले का, ते केले का. दुसऱ्यावर सात बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण: ऊतींना किती जपतो, वेळ आणि हालचाली वाया घालवतो का, हत्यार कसे धरतो, हत्यारांची ओळख आहे का, असिस्टंटचा उपयोग करतो का, पुढचे पाऊल आधी ठरलेले असते का, आणि ही शस्त्रक्रिया त्याला समजली आहे का. दुसऱ्या कागदावर एक, तीन आणि पाच या गुणांखाली तो गुण म्हणजे नेमके काय, हे शब्दांत लिहिलेले. वाटेल की यादीचा कागद जास्त वस्तुनिष्ठ. उलटेच निघाले: नवख्या आणि अनुभवी हातांतला फरक दुसऱ्या कागदाने अधिक चांगला दाखवला. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. यादी पाठ करून पुरी करता येते. ऊतीला जपणे पाठ करता येत नाही. ‘अरे, टिश्यूला एवढे चिमटू नकोस’ हे सिनिअरचे रोजचे ओरडणे या कागदाने पहिल्यांदा एका रकान्यात बसवले.

पुढे अनेकांनी अनेक मापे काढली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात आरा दार्झी यांच्या गटाने हातांवर संवेदक लावून हालचालींची संख्या आणि हात किती अंतर फिरला हे मोजले. तयार हात कमी फिरतो. अमेरिकेत ‘झ्विश’ नावाची चार पायऱ्यांची पट्टी आली, जी रेसिडेंटला गुण न देता शिक्षकाने किती हात घातला एवढेच विचारते: करून दाखवले, वाट दाखवत मदत केली, मुकाट असिस्ट केले, की नुसते पाहत उभे राहिलो. शस्त्रक्रिया संपताच मोबाइलवर अर्ध्या मिनिटात नोंद होते. आपल्या लॉगबुकमधल्या ‘मार्गदर्शनाखाली केली’ या गुळगुळीत शब्दाच्या जागी ही चार पायऱ्यांची नोंद उद्यापासून सुरू करता येईल. त्यासाठी कुणाची मंजुरी लागत नाही.

आता थेट प्रश्न: हाताच्या गुणांचा रुग्णाशी खरेच संबंध असतो का? २०१३ मध्ये मिशिगनमधल्या वीस सर्जननी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचे प्रत्येकी एक चित्रीकरण दिले. कोणते द्यायचे ते त्यांनीच निवडले होते, म्हणजे आपले बऱ्यापैकी चांगलेच दिले असणार. इतर सर्जननी नाव न कळता गुण दिले. मग त्या सर्जनच्या रुग्णांचे निकाल या गुणांशी ताडून पाहिले. गुणांत तळाच्या चौथाईत असलेल्यांच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, वरच्या चौथाईत ५.२ टक्के. एका चित्रीकरणावरून! हा अभ्यास मोठ्यांच्या पोटाचा आहे, मुलांच्या मूत्रमार्गाचा नाही, आणि तो तसाच्या तसा इकडे लावू नये. पण हात पाहून काही कळत नाही असे म्हणण्याची सोय त्याने उरू दिली नाही.

बालमूत्ररोगाचे सर्जन या चळवळीत आघाडीवर आहेत. सिअॅटलचे थॉमस लेंडवे त्यांपैकी एक. त्यांच्या गटाने २०१४ मध्ये एक चमत्कारिक प्रयोग छापला: सरावाच्या ठोकळ्यावर टाके घालणाऱ्या सर्जनचे चित्रीकरण इंटरनेटवर पैसे घेऊन फुटकळ कामे करणाऱ्या सामान्य लोकांना दाखवले. त्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी जुळले. पाचशे सामान्य माणसांची उत्तरे एका दिवसात आली. दहा प्राध्यापकांना चोवीस दिवस लागले. प्राध्यापकांबद्दलचा हा निष्कर्ष कुणालाही पडताळून पाहता येईल.

आपल्याकडे हे आणताना मात्र मी हात आखडता घेईन. लेंडवे यांच्या प्रयोगातला सरावाचा ठोकळा कुणीही पाहावा. पण हायपोस्पेडियासचे चित्रीकरण म्हणजे एका लहान मुलाच्या गुप्तांगाचे चित्रीकरण आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठराखालच्या प्रत्येकासाठी पालकांची संमती मागितली आहे; पण कायदा नसता तरी ही गोष्ट अनोळखी गर्दीपुढे ठेवण्याची नाही. दाखल होताना सहीसाठी पुढे केलेल्या कागदांच्या चळतीतली एक सही म्हणजे संमती नव्हे. चौकटीत फक्त शस्त्रक्रियेची जागा, नावाची पट्टी नाही, आवाज नाही, रेसिडेंटच्या व्हॉट्सअॅपवर नाही, आणि पाहणारे मोजके, नावानिशी जबाबदार. एवढे पाळता येत नसेल त्या विभागाने कोंबडीवरच थांबावे.

एखाद्याचा स्वतःचा हात बिघडतो आहे हे त्याला कळावे कसे, या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातून आले. मार्क द लेव्हल नवजात बाळांच्या हृदयाच्या मोठ्या वाहिन्या अदलाबदल करण्याची शस्त्रक्रिया करत. पहिल्या ५२ बाळांत एकच दगावले. मग त्रेपन्नाव्यापासून अडुसष्टाव्यापर्यंतच्या सोळा बाळांत सात दगावली. अशा वेळी सर्जन काय म्हणतो ते आपण सर्वांनी ऐकले आहे: केसेसच कठीण होत्या. द लेव्हल यांनी उलटी वाट धरली. जिथे निकाल चांगले होते अशा दुसऱ्या केंद्रातल्या सहकाऱ्याकडे जाऊन ते पुन्हा शिकले, परत येऊन निकाल सुधारले, आणि १९९४ मध्ये हे सगळे स्वतःच्या नावाने छापले. सोबत एक साधा आलेख सुचवला: प्रत्येक केसनंतर रेघ पुढे न्यायची, अपयश आले की वर, यश आले की थोडी खाली. ठरवलेल्या मर्यादेवर रेघ गेली की थांबून कारण शोधायचे. कारखान्यांत मालाच्या दर्जासाठी हे तंत्र आधीपासून होते. त्या रेघेने सात बाळे जाण्याची वाट पाहिली नसती, आधीच हटकले असते, हे त्यांचे म्हणणे. फिश्चुलासाठी अशी रेघ काढायला आलेखाचा एक कागद पुरतो. तो भिंतीवर लावायचा की स्वतःच्या खणात ठेवायचा, हे ज्याच्या त्याच्या छातीवर सोडतो.

अपयश कशाला म्हणायचे हे आधी ठरले पाहिजे. हायपोस्पेडियासपुरते तरी ते बरेचसे ठरले आहे. २००१ मध्ये आलेल्या ‘होज’ नावाच्या पट्टीत पाच बाबी आहेत: छिद्र कुठे आहे, त्याचा आकार, धार, ताठरता सरळ आहे का, आणि फिश्चुला. जास्तीत जास्त १६ गुण, १४ पासून पुढे समाधानकारक. सर्जनऐवजी दुसऱ्या कुणालाही, अगदी शिकवलेल्या सिस्टरलाही, त्या भरता येतात, आणि तशाच भराव्यात. आपल्या शिवणीला गुण देताना प्रत्येकाचा हात सढळ असतो. पण पट्टीच्या आधी मूल समोर यायला हवे. भाषा बदलली, गाव बदलले, नोकरी गेली, धाकटे झाले, की फेरतपासणी चुकते. चेन्नईत कामासाठी आलेल्या मराठी वा हिंदी कुटुंबाला तमिळमध्ये छापलेले फेरतपासणीचे कार्ड वाचता येत नाही, आणि मुंबईतल्या तमिळ कुटुंबाचे मराठी कार्डाबाबत तेच. ‘धार सरळ पडते का? चड्डी ओली होते का? उभ्याने करतो की बसून?’ हे तीन प्रश्न आईच्या भाषेत फोनवर विचारले तरी निम्मी माहिती हाती येते. विचारणारा मात्र ठरलेला असावा. ‘कुणीतरी विचारेल’ म्हटले की कुणीच विचारत नाही.

तमिळ मुलखात बसून नोंदींबद्दल लिहिताना तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले आठवतात. मोतीबिंदू आणि डोळ्यांच्या इतर विकारांवर त्यांच्या दरबारी जे उपचार झाले त्यांच्या चाळीसहून अधिक रुग्णांच्या नोंदी तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात राहिल्या, काहींसोबत डोळ्यांची रंगीत चित्रे. राजाच्या हाताखालचे काम होते, वाहवा करणारे भरपूर असतील. तरी कुणाचे काय दुखत होते आणि काय केले हे लिहून ठेवले गेले, म्हणून दोनशे वर्षांनी चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांना त्यावर अभ्यास करता आला.

आता उघड्या मूत्राशयाकडे. ही व्याधी इतकी विरळ की एकेका सर्जनला वर्षातून मोजक्याच केसेस दिसतात. एवढ्यावर कुणाचाच हात बसत नाही. २०१३ मध्ये बोस्टन, फिलाडेल्फिया आणि मिलवॉकी इथल्या तीन रुग्णालयांनी ठरवले की यापुढे अशा बाळाची शस्त्रक्रिया एकट्याने करायची नाही. एका रुग्णालयात बाळ आले की दुसऱ्या दोन ठिकाणचे सर्जन तिथे जातात किंवा थेट चित्रीकरणावर पाहतात, आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच बोलतात, टोकतात. मागाहून सगळे मिळून चित्रीकरण पाहतात. पस्तीस वर्षे शस्त्रक्रिया केलेल्या माणसाने बरोबरीच्या माणसाकडून टेबलावर टोकून घ्यायचे, हे लिहायला सोपे आहे. आपल्या युनिट पद्धतीत, जिथे शेजारच्या युनिटचा प्रमुख दारातून डोकावला तरी भुवया उंचावतात, तिथे करून पाहा.

आणि तरीही याच व्याधीसाठी आपल्याकडे अहमदाबादचे सिव्हिल हॉस्पिटल आहे. २००९ पासून तिथे परदेशी बालमूत्ररोगतज्ज्ञांचे पथक जवळजवळ दरवर्षी येते आणि स्थानिक सर्जनांबरोबर देशभरातून आलेल्या अशा मुलांवर शस्त्रक्रिया करते. मोहिमा करून जाणारी पथके आपण पुष्कळ पाहिली: फोटो, हारतुरे, आणि मागे राहिलेले फिश्चुले. अहमदाबादचे वेगळेपण स्थानिक पथकात आहे, जे वर्षभर त्याच मुलांना पाहत राहते, आणि पाहुणे पुढच्या वर्षी येतात तेव्हा त्यांना स्वतःच्याच कामाचा निकाल समोर बसलेला सापडतो. शिवाय आठवडाभरात पाहुण्यांना त्यांच्या देशात कित्येक वर्षांत दिसतील तेवढी मुले दिसतात. कोण कुणाला शिकवतो आहे, हे त्या थिएटरात नक्की सांगता येणार नाही. चेन्नई, मुंबई, पुणे, नागपूर यांनी परदेशी पाहुण्यांशिवायही असा मेळ आपसांत घालायला हरकत नाही; रेल्वेचे तिकीट पुरते.

एक इशारा दिलाच पाहिजे. या गुणांचा वापर उद्या बढतीसाठी, जाहिरातीसाठी, किंवा एखाद्याला खाली खेचण्यासाठी सुरू झाला, तर ही विद्या त्याच दिवशी संपेल. चित्रीकरणे ‘बिघडतील’, कठीण केसेस दुसऱ्या गावी पाठवल्या जातील, आणि वह्या पूर्वीसारख्याच स्वच्छ दिसतील. शिकणाऱ्याला दिलेला गुण त्याच्याशी बोलणे सुरू करण्यासाठी असतो. स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करू द्यायची की नाही हा निर्णय अनेक दिवसांच्या, अनेक डोळ्यांच्या, अनेक केसेसच्या गुणांवर घ्यावा. एका वाईट सकाळीवर नाही. आणि मोजमापाची सुरुवात सर्वांत वरच्या खुर्चीपासून व्हावी. प्रमुखाचे चित्रीकरण रेसिडेंटने पाहिलेले नाही तोवर रेसिडेंटच्या चित्रीकरणावर प्रमुखाने बोलू नये, असा नियम मी तरी करीन.

वाचकहो, तुम्ही रेसिडेंट असाल तर या आठवड्यात कोंबडीची पिशवी आणा आणि जोडणी फाडून पाहायला आपल्याहून कनिष्ठ माणसाला बसवा. शिक्षक असाल तर पुढच्या केसनंतर खरोखर किती हात घातला ते चारांपैकी एका पायरीवर लिहा. आईबाप असाल तर ‘अशा किती केल्यात आणि त्यांतली किती मुले वर्षभरानंतर पुन्हा पाहिलीत?’ हे विचारायला संकोचू नका. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि डिस्चार्ज कार्ड लिहिणाऱ्याने त्यावर कुटुंबाचे दोन फोन नंबर घ्यावेत, एक इथला आणि एक गावाकडचा, व तीन महिन्यांच्या तारखेखाली मुलगा पंधरा वर्षांचा होईल ते सालही आजच टाकून ठेवावे.

अण्णा नगर, चेन्नई